जोडीदार परदेशी, दाखला गोव्याचा : वाचकांचे प्रश्न

विवाह नोंदणीवरील मागील लेखानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे परदेशात असलेल्या पतीकडे जाऊ इच्छिणाऱ्या महिलांची आहेत. बहुतेकींनी कोणता अर्ज भरावा हे विचारले आहे. अर्ज त्या त्या देशाच्या संकेतस्थळावर सापडतो आणि तो भरणेही फारसे अवघड नसते. माझ्याकडे येणारी प्रकरणे अडतात ती विवाहाच्या दाखल्यावरील तारखेवर आणि नावाच्या स्पेलिंगवर. म्हणून ज्यांचा गोव्यातील कागदपत्रांशी थेट संबंध येतो, असेच प्रश्न येथे निवडले आहेत. रकमा आणि अटी लिहिते वेळच्या आहेत. अर्ज करण्याच्या दिवशी त्या पुन्हा पडताळून घ्याव्यात.

प्रश्न : माझा विवाह डिसेंबर २०२४ मध्ये झाला. पती पोर्तुगीज पासपोर्टधारक असून २०१६ पासून इंग्लंडमधील स्विंडन येथे गोदामात काम करतात. त्यांना तेथील 'सेटल्ड स्टेटस', म्हणजे कायम राहण्याचा हक्क, मिळालेले आहे. पोर्तुगीज नागरिकाच्या पत्नीला मोफत फॅमिली परमिट मिळते आणि पगाराची अट लागत नाही, असे ओळखीच्या एका एजंटाने सांगितले. ते खरे आहे का?
– सौ. वि. ना., फोंडा

उत्तर : एजंटाने सांगितलेला नियम अस्तित्वात आहे, परंतु तो आपल्याला लागू होत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमण काळ ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकरा वाजता संपला. त्या घटकेपूर्वी ज्यांचा विवाह झालेला होता, किंवा जे विवाहासारख्या स्थिर संबंधात एकत्र राहत होते, अशांच्याच जोडीदाराला युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेखाली मोफत परमिटवर जाता येते. त्या वेळी साखरपुडा झालेला होता, एवढ्याने भागत नाही. आपला विवाह २०२४ चा असल्याने आपल्याला ब्रिटनचा सर्वसाधारण कुटुंब व्हिसाच घ्यावा लागेल. सेटल्ड स्टेटस असलेल्या पतीला त्यासाठी प्रायोजक, म्हणजे पत्नीला हमी देऊन बोलावून घेणारा, होता येते. मात्र अटी ब्रिटिश नागरिकाच्या पत्नीला असतात त्याच लागतात आणि पतीने उद्या ब्रिटिश नागरिकत्व घेतले तरी त्या सैल होणार नाहीत.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. ११ एप्रिल २०२४ पासून प्रायोजकाचे किमान वार्षिक उत्पन्न, कर कापण्यापूर्वीचे, २९,००० पौंड असावे लागते. त्यापूर्वी ही मर्यादा १८,६०० पौंड होती. गोदामातील कामगाराच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यांवरूनच पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये तेथील किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. आठवड्याला चाळीस तास या दराने वर्षभर काम केले, तर कर कापण्यापूर्वीची रक्कम सुमारे २५,४०० पौंड होते, म्हणजे पूर्ण वेळ राबूनही मर्यादा गाठता येत नाही. पगार तासावर असेल तर गेल्या सहा महिन्यांची सरासरी धरून वर्षाचा आकडा काढतात, त्यामुळे पगाराच्या पावतीवर आलेला ओव्हरटाइम त्यात मोजला जातो. ठरीव पगार असेल तर त्या सहा महिन्यांतील सर्वांत कमी पगार धरला जातो. आपण फोंड्यात नोकरी करीत असलात तरी तो पगार या हिशेबात येत नाही. अनेक जणींचा येथेच गैरसमज होतो.

उरलेली तूट बचतीतून भरून काढता येते आणि तिचे गणित थोडे विचित्र आहे. बचतीतील पहिले १६,००० पौंड मोजलेच जात नाहीत. त्यावरील रकमेला अडीचने भागून जो आकडा येईल तो उत्पन्नात मिळवतात. पतीचे उत्पन्न २५,४०० पौंड धरले तर तूट ३,६०० पौंडांची राहते. तिची अडीच पट म्हणजे ९,००० आणि त्यात ते १६,००० मिळवून एकूण २५,००० पौंडांची बचत दाखवावी लागेल. ही रक्कम किमान सहा महिने खात्यात असावी लागते. ती पतीच्या नावावर, आपल्या नावावर किंवा दोघांच्या संयुक्त नावावर असली तरी चालते, भारतातील बँकेत असली तरीही चालते. आईवडिलांनी बक्षीस दिलेले पैसे चालतात, कर्जाऊ घेतलेले चालत नाहीत. निव्वळ बचतीच्या बळावर अर्ज करायचा झाल्यास ८८,५०० पौंड लागतात. आपल्यापैकी फारच थोड्या कुटुंबांकडे ते असतील.

इंग्रजी संभाषणाची ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीची परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रात द्यावी लागते. महाविद्यालयीन प्रवेशासाठी देतात ती मोठी आयईएलटीएस परीक्षा त्यासाठी लागत नाही. आपली पदवी इंग्रजी माध्यमातील असेल, तर ब्रिटनच्या 'एक्टिस' या संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन परीक्षा टाळता येते. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, म्हणून ती फार आधी उरकून ठेवू नये. व्हिसा शुल्काखेरीज तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागतो. तो प्रौढ व्यक्तीस वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि पहिला व्हिसा दोन वर्षे नऊ महिन्यांचा असला तरी अधिभार तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड, एकदम घेतात.

घराविषयीही लिहिणे आवश्यक आहे, कारण स्विंडनमध्ये आपली मंडळी अनेकदा एका घरात खोल्या वाटून राहतात. सामायिक घर असणे हा दोष नाही. परंतु पतिपत्नींसाठी स्वतंत्र खोली असली पाहिजे आणि घरात कायद्याच्या दृष्टीने दाटी होता कामा नये. घरमालकाचे संमतिपत्र, भाडेकरार आणि एकूण किती जण किती खोल्यांत राहतात याचा स्पष्ट उल्लेख अर्जासोबत जोडावा. पतीच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेतील नोंदी महिन्यागणिक जुळल्या पाहिजेत. पगाराचा काही भाग रोख मिळत असेल आणि तो खात्यात दिसत नसेल, तर त्याचा उपयोग होणार नाही.

प्रश्न : आमचे धार्मिक लग्न मे २०२४ मध्ये झाले. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात आम्ही दोघांनी दोन्ही सह्या आधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, केल्या होत्या, कारण पती सुटीवर आले होते. मार्च २०२४ मध्ये त्यांना कॅनडाचे कायम निवासी म्हणून मान्यता मिळाली. आता ते मला प्रायोजित करू इच्छितात. अर्जात लग्नाची तारीख कोणती लिहावी? आमच्या घरी लग्न म्हणजे मे महिन्यातलेच मानतात.
– सौ. अ. गा., डिचोली

उत्तर : आपण तारखेविषयी विचारले आहे, मला मात्र आपल्या पत्रात त्याहून गंभीर अडचण दिसते, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे.

गोव्यात विवाहाचा कायदा पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आहे. त्यानुसार वधूवर नागरी निबंधकासमोर प्रथम इच्छेची नोंद करतात, नोटीस लागते, आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा येऊन साक्षीदारांसमोर नोंदवहीत सही करतात. आपण याला 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' म्हणतो. पहिल्या सहीने विवाह होत नाही, दुसऱ्या सहीने तो पूर्ण होतो. देशाच्या अन्य भागांत आधी मंडपात लग्न लागते आणि नंतर त्याची नोंद होते. आपल्याकडे नोंद हाच विवाह. (ख्रिस्ती समाजात चर्चमधील विवाहाला मुलकी परिणाम मिळतात, त्याची पद्धत वेगळी आहे.) त्यामुळे आपली अंतरपाट, सप्तपदी, फोंड्याच्या सभागृहातले जेवण, हे सारे मे महिन्यात झाले असले तरी कायद्याच्या दृष्टीने आपण नोव्हेंबर २०२३ पासून विवाहित आहात. अर्जात तीच तारीख लिहावी. मे महिन्यातील छायाचित्रे खुशाल जोडावीत, मात्र त्यांसोबत दोन तारखा का आहेत हे सांगणारे अर्ध्या पानाचे निवेदन द्यावे. अन्यथा दाखल्यावर नोव्हेंबर आणि फोटोंत मुंडावळ्या मे महिन्यातल्या, हे पाहून अधिकारी साशंक होणे स्वाभाविक आहे.

आता अडचणीकडे वळतो. आपले पती मार्च २०२४ मध्ये कायम निवासी झाले, त्या वेळी त्यांनी स्वतःला अविवाहित म्हणून नोंदवले होते काय? आपल्या पत्रातील 'लग्न म्हणजे मे महिन्यातलेच' या वाक्यावरून तसे झाले असावे अशी मला शंका येते. कॅनडाच्या नियमांनुसार कायम निवासी होताना ज्या जोडीदाराचा उल्लेख केला नाही आणि ज्याची त्यामुळे तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब वर्गातून प्रायोजित करता येत नाही. अर्ज दिल्यापासून त्या देशात कायम निवासी म्हणून पाऊल ठेवेपर्यंत वैवाहिक स्थितीत जो बदल होईल, तो कळवणे बंधनकारक असते. सही तेवढी झाली आहे, लग्न व्हायचे आहे, हे आपल्या घरात सर्वांना पटणारे उत्तर ओटावाला पटत नाही; तेथील अधिकारी गोव्याचा दाखला वाचतो आणि त्यावर नोव्हेंबर असतो.

पतीने तेव्हा आपला उल्लेख केलेला असेल तर चिंतेचे कारण नाही. केलेला नसेल तर मे महिन्याची तारीख लिहून वेळ मारून नेण्याचा विचारही करू नये. दाखला सोबत जोडावाच लागतो, आणि चुकीचे निवेदन केल्याचे ठरले तर पाच वर्षे प्रवेशबंदी होते. अशा प्रकरणांत मानवतावादी कारणांवर सवलत मागता येते, आणि काही ठरावीक गटांसाठी सप्टेंबर २०१९ पासून विशेष धोरणही राबवले गेले. परंतु कौशल्याच्या गुणांवर गेलेला माणूस त्या धोरणात सहसा बसत नाही. येथे मी सुचवलेले पुरेसे होणार नाही. पतीने कॅनडातील परवानाधारक वकिलाचा किंवा तेथील नियामक मंडळाकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचा सल्ला अर्ज दाखल करण्यापूर्वी घ्यावा.

इतर अटी ब्रिटनच्या मानाने सौम्य आहेत. केवळ पत्नीला प्रायोजित करताना किमान उत्पन्नाची ठरावीक मर्यादा नसते, मात्र पत्नीच्या निर्वाहाची तीन वर्षांची लेखी हमी द्यावी लागते. क्वेबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत. प्रायोजक कायम निवासी असेल तर तो प्रत्यक्ष कॅनडात राहत असला पाहिजे. आपल्या दोन्ही सह्यांच्या वेळी पती स्वतः हजर होते हे उत्तम झाले. वधू किंवा वर प्रत्यक्ष उपस्थित नसताना, मुखत्यारामार्फत किंवा फोनवर लागलेला विवाह कॅनडा जून २०१५ पासून मानत नाही.

प्रश्न : माझ्या पतीने वडिलांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असून ते लिस्बनमध्ये राहतात. त्यांच्या पोर्तुगीज नोंदीत अजूनही 'अविवाहित' असे आहे. मला तेथे जाण्यासाठी काय करावे लागेल? आणि गेल्यावर मलाही पोर्तुगीज पासपोर्ट मिळेल का?
– सौ. र. प्र., पेडणे

उत्तर : आधी आपला विवाह पोर्तुगालच्या दप्तरात चढवून घ्या. तेथील कायद्यानुसार नागरिकाचा विवाह नोंदवला गेल्याखेरीज तो कोणत्याही कार्यालयापुढे पुरावा म्हणून मांडता येत नाही. पती पोर्तुगालच्या दृष्टीने अविवाहित आहेत तोवर आपण त्यांच्या कोणीही लागत नाही. ही नोंद पणजीतील आल्तिनो येथील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासामार्फत किंवा पतीला पोर्तुगालमधील नोंदणी कार्यालयातून करता येते. त्यासाठी गोव्यातील विवाह नोंदीची पूर्ण मजकुराची नक्कल, म्हणजे आपण ज्याला 'तेओर' म्हणतो ती, घ्यावी लागते. छोट्या छापील दाखल्याने काम होत नाही. त्या नकलेवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, असावे लागते.

नावांचे काम येथे खरे किचकट असते. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात सासऱ्यांच्या जन्मनोंदीत नाव 'शेंकोर पोरोब' होते, कारण पोर्तुगीज लिपिक 'श' साठी 'एक्स' हे अक्षर लिहीत आणि प्रभू या आडनावाचे पोरोब करीत. शाळेच्या दाखल्यावर ते 'शंकर प्रभू' झाले होते आणि मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव 'शंकर प्रभुदेसाई' होते. माणूस एकच, आणि गावात कोणाला त्याबद्दल शंका नाही. पण कागद तीन माणसांचे. अशा वेळी 'तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र करून देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. काही ठिकाणी ते चालते. माझे मत असे की जेथे शक्य असेल तेथे मूळ नोंदच दुरुस्त करून घ्यावी. वेळ अधिक जातो, परंतु प्रतिज्ञापत्र प्रत्येक नव्या अधिकाऱ्यापुढे पुन्हा पटवून द्यावे लागते.

विवाह चढला की पोर्तुगीज नागरिकाची पत्नी म्हणून आपला प्रवेश व्हिसा विनाशुल्क असतो. पोर्तुगालमध्ये तीन महिने झाल्यावर पुढील तीस दिवसांत परदेशी व्यक्तींच्या निवासाचे काम पाहणाऱ्या 'आयमा' या संस्थेकडे निवास कार्डासाठी अर्ज करायचा असतो. जुनी 'सेफ' ही संस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद होऊन तिचे हे काम आयमाकडे आले. कार्ड पाच वर्षांचे असते. तेथे भेटीची वेळ मिळण्यास विलंब होतो, म्हणून पतीने आधीच चौकशी सुरू करावी.

पासपोर्टविषयी सांगायचे तर पोर्तुगीज नागरिकाशी विवाह झाल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. विवाहाला तीन वर्षे झाल्यानंतर त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. मतदार यादीतील नाव, भारतीय पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. पतीकडे राहायला जाण्यासाठी निवास कार्ड पुरेसे आहे, पासपोर्ट बदलण्याची गरज नाही.

प्रश्न : लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले आणि सासरी सर्व जण मला त्याच नावाने ओळखतात. पासपोर्ट, पदवी आणि जन्मदाखला माहेरच्या नावाचे आहेत. पतीकडे जाण्यासाठी पासपोर्टवर नवे नाव घालावे असे सासूबाई म्हणतात.
– सौ. (दोन्ही नावे नमूद करू नयेत अशी विनंती), सत्तरी

उत्तर : विवाहाने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, व्हिसाचा कोणताही अधिकारीही तशी अपेक्षा करीत नाही. विवाहाच्या नोंदीत आपले माहेरचे नाव आणि पासपोर्टवरही तेच असेल, तर आपली कागदपत्रे उत्तम जुळलेली आहेत. ती मोडू नयेत. आडनाव बदलणे एक वेळ समजावता येते. मूळ नावच बदलले तर जन्मदाखल्यापासून पदवीपर्यंत प्रत्येक कागदासाठी खुलासा द्यावा लागेल. तरीही कायदेशीररीत्या बदल करायचाच असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे. त्याखाली रीतसर बदल करून मगच पासपोर्टला हात लावावा, आणि तेही व्हिसाचा निर्णय हाती आल्यावर. सासूबाईंना दुखवण्याचे कारण नाही. घरात नव्या नावानेच हाक मारावी.

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. सुनेला तिकडे नेण्यासाठी विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल करून घेतले, तरी ते चालत नाही असे कळवले आहे. आमचे काय चुकले?
– एक वाचक, वास्को

उत्तर : चूक समजण्यासारखी आहे, कारण पोर्तुगाल किंवा ब्रिटनसाठी अपोस्टिल चालते. दुबई ज्या देशात आहे तो संयुक्त अरब अमिरात मात्र अपोस्टिल मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही. तेथे जुनी साखळीच लागते : दाखल्यावर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, त्यानंतर भारतातील अमिरातीच्या दूतावासाचे आणि शेवटी तेथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचे. अपोस्टिल झालेल्या प्रतीवर खटपट करीत बसण्यापेक्षा सब-रजिस्ट्रारकडून ताजी नक्कल काढून ही साखळी पहिल्यापासून सुरू करावी. मुलाचा पगार दरमहा ४,००० दिरहम, किंवा राहण्याची सोय मालकाकडून असल्यास ३,००० दिरहम, असावा लागतो. त्याच्या नावावर नोंदवलेला भाडेकरार आहे की नाही हे त्याला आजच विचारून घ्यावे, कारण मित्राच्या नावावरील घरात राहणाऱ्या तरुणांचे अर्ज बहुधा तेथेच अडतात.